भाऊजींचा उजवा हात

माझे भाऊजी काच कापतात. खिडक्यांच्या काचा, आरसे, दुकानांच्या दारांची तावदानं, लागेल ते. बाजाराच्या मागच्या गल्लीतलं त्यांचं दुकान लांबट आणि थंड आहे. भिंतीला मोठमोठ्या काचा उभ्या टेकवलेल्या असतात आणि मधोमध जाड कापडानं मढवलेलं टेबल. त्यावर काच आडवी घालायची, पट्टी लावायची आणि पेन्सिलीएवढा कटर एका दमात वरून खाली ओढायचा. मध्ये थांबायचं नाही, परत गिरवायचं नाही. मग काच टेबलाच्या कडेशी सरकवून हलका दाब दिला की ती त्या रेघेवर टक् करून सुटते. मी कितीदा तरी पाहिलंय, तरी त्या टक् आधी दर वेळी माझा श्वास अडकतो. भाऊजींचा अडकत नाही. ते तेव्हा ताईनं डब्यात काय दिलं असेल याचा विचार करत असतात, असं त्यांचंच म्हणणं आहे.

सुट्टीच्या दिवशी ते आमच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवतात. मी ड्रम वाजवतो. खरं तर ते आमच्या घरात आले तेच या बेसमुळे. मी बँडमध्ये नवीन होतो तेव्हा तालमीनंतर मला न्यायला ताई यायची, आणि यायची तीही तालीम संपायच्या बरीच आधी. मला वाटायचं, बहिणीची माया. माया होतीच, फक्त माझ्यावर नव्हती.

बेसचं एक दुखणं असतं. चार जाड तारा, आणि त्यांचा आवाज लोकांना ऐकू येत नाही, पोटात जाणवतो. बेस चुकला तर लोक म्हणतात आज गाण्यात मजा नाही, आणि खापर फोडतात गाणारीच्या डोक्यावर. त्यामुळे बेसवाल्याला टाळ्याही नाहीत आणि शिव्याही नाहीत. भाऊजींना हे फार मानवलं होतं. ते माझ्या डाव्या हाताला, स्टेजच्या मागच्या बाजूला उभे राहायचे आणि कार्यक्रम संपेपर्यंत पाय हलवायचे नाहीत. आमचे मास्तर, म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले संगीताचे शिक्षक आणि बँडचे म्होरके, त्यांना 'खांब' म्हणायचे. पुढे सगळेच म्हणायला लागले. मी मात्र भाऊजीच म्हणतो. नातं आहे, शिवाय ताई ऐकत असते.

तर हा खांब एकदा हलला.

एका लग्नाच्या पार्टीत आम्ही वाजवत होतो. जेवणं झाली होती आणि नाचायची गाणी सुरू होती. त्यातल्या एका गाण्यात बेस जोरात येतो, अगदी तारेला बोटानं चापट मारल्यासारखा. भाऊजींनी ते गाणं झोपेतसुद्धा वाजवलं असतं. पण त्या दिवशी एके ठिकाणी बेसचा आवाज आलाच नाही, आणि पुढच्या ठोक्याला दोन तारा एकदम वाजल्या. नाचणाऱ्यांना पत्ताही लागला नाही. पण ड्रम आणि बेस यांचं नवरा-बायकोसारखं असतं, एकाचं पाऊल चुकलं की दुसऱ्याला आधी कळतं. मी मान वळवून पाहिलं. भाऊजी आपल्या उजव्या हाताकडे बघत होते. नुसतं बघत नव्हते, अनोळखी माणूस घरात शिरावा तसं बघत होते.

"काय झालं?" मी सामान भरताना विचारलं.

"हात घसरला. घाम."

एवढं बोलून त्यांनी फडकं काढलं आणि तारा पुसायला घेतल्या. ही त्यांची जुनी सवय. कार्यक्रम संपला की एकेक तार फडक्यात धरून वरपासून खालपर्यंत दाबून पुसायची आणि मगच गिटार पेटीत ठेवायची.

पुढच्या कार्यक्रमात पुन्हा तेच झालं. त्याच्या पुढच्या वेळी दोनदा. आता घामाचं नाव घ्यायची सोय नव्हती, कारण हवेत चांगला गारवा होता. मी काही विचारलं नाही आणि त्यांनीही काही सांगितलं नाही. पण त्यांच्या घरी गेलो की मला एकेक गोष्ट खटकायला लागली. भाऊजी कप दोन्ही हातांनी धरायला लागले होते. पाहुणे असले की चहा नकोच म्हणायचे. दुकानात मोठ्या काचा उचलायचं काम भागीदारावर ढकलायला लागले, पाठीचं निमित्त करून. त्यांची पाठ त्या काचांपेक्षा सरळ आहे. एकदा मी अचानक आत शिरलो तर ते खिडकीपाशी उभे होते. उजवा हात उजेडात समोर धरलेला, बोटं फाकवलेली. मला पाहून त्यांनी त्याच हातानं पडदा नीट केला, जणू त्यासाठीच उठले होते.

मला तेव्हाच कळायला हवं होतं असं नाही, मला कळलंच होतं. घरात सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट होती ती.

भाऊजींचे वडील शिंपी होते. कोट शिवायचे. गिऱ्हाइकाला दारातून येताना पाहूनच खांद्याचं माप सांगणारा माणूस. एके दिवशी त्यांना सुईत दोरा ओवता येईना. म्हणाले, चष्मा बदलायला झालाय. चष्मा बदलला. मग काजं वाकडी व्हायला लागली. म्हणाले, मशीन जुनं झालंय. मशीन बदललं. मग कात्री कापडावरून भलतीकडे जायला लागली तेव्हा बदलायला काही उरलं नाही. कंपवात. शेवटी शेवटी ते हाताखाली उशी घेऊन बसायचे, आणि भाऊजी त्यांना चमच्यानं भरवायचे. सगळं सुरू झालं होतं ते उजव्या हातापासून, आणि सुरू झालं तेव्हा वडील भाऊजींच्या आताच्या वयाचेच होते.

आता असा माणूस आपलं बोट तारेवर नेतो, वर्षानुवर्षं जिथे नेलं तिथेच, आणि तिथे तार नसते. त्यानं काय समजायचं?

डॉक्टरकडे जा म्हणावं तर कोणी आणि कसं म्हणायचं? म्हटलं की ते नाव घरात येऊन बसणार. ताईही गप्प होती. मला वाटत होतं तिच्या लक्षात आलेलं नाही. नवऱ्याचा कप पाहून हिला काही समजत नाही म्हणजे कमालच, असं मी मनात म्हणायचो. माझ्या मनात माझ्या बहिणीबद्दल असले बरेच चुकीचे समज आहेत.

मग एका तालमीला भाऊजींनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं की या महिन्याचे कार्यक्रम झाले की ते थांबणार.

"थांबणार म्हणजे?" मास्तरांनी विचारलं.

"म्हणजे पुरे. खूप झालं. आता उभं राहवत नाही."

मास्तर हसले. "अरे, तू काय उभा राहतोस? तुला तर पुरून ठेवलाय."

कोणीच हसलं नाही म्हणून मास्तरही थांबले. ते जुने माणूस आहेत. त्यांनी कारण खोदलं नाही, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुझ्या जागी कोण, हे मात्र तूच सांग."

भाऊजींनी नाव आधीच काढून ठेवलं होतं. शहरात दुसऱ्या एका बँडमध्ये एक बाई बेस वाजवायच्या. दिवसा शहर बस चालवायच्या. वाद्यवाल्यांत त्यांना 'बसवाली बेसवाली' म्हणायचे आणि त्याही ते नाव ऐकून मान डोलवायच्या. त्यांचा बँड नुकताच मोडला होता. भाऊजींनी जाऊन त्यांना गाठलं, वाजवायचं का विचारलं, आणि वर म्हणाले, माझी गिटारही तुम्हीच घ्या. चांगल्या हातात राहील. मला आता ती काय करायची?

हे मला ताईनं सांगितलं. सांगताना ती कपड्यांच्या घड्या घालत होती आणि एकच सदरा तिनं तीनदा घडी घालून उलगडला.

"तू त्यांना अडवत का नाहीस?" मी म्हणालो.

"काय सांगून अडवू?" ती म्हणाली. "तुला काय वाटतं, मला दिसत नाही? ते झोपले की मी त्यांचा हात बघत बसते. झोपेत हलत नाही. मग वाटतं, नाहीच काही. मग आठवतं, त्यांच्या वडिलांचाही झोपेत हलायचा नाही."

मी दुसऱ्या सदऱ्याची घडी घातली, तीही तिनं मोडून पुन्हा घातली.

तालीम आमची फर्निचरच्या गोदामात असते. मालक मास्तरांचे जुने विद्यार्थी. एका बाजूला कपाटं, पलंग, गुंडाळलेल्या गाद्या, आणि मधल्या मोकळ्या जागेत आम्ही. गाद्यांमुळे आवाज बाहेर जात नाही, एवढाच त्या जागेचा गुण. त्या दुपारी बसवाल्या बाई ड्युटी संपवून तशाच गणवेशात आल्या होत्या. उंच, रुंद खांद्यांच्या, आणि बोलणं असं की शेवटच्या सीटपर्यंत पोचावं. भाऊजींनी गिटार स्वतःच्या हातानं त्यांच्या गळ्यात घातली, पट्टा नीट केला, आणि एका न विकलेल्या सोफ्यावर जाऊन बसले. सोफ्यावर अजून प्लॅस्टिक होतं. ते जरा हलले की कुरकुर वाजायचं, म्हणून ते हलतही नव्हते.

पहिली दोन गाणी सावकाश होती. बाई छान वाजवत होत्या. मी भाऊजींकडे बघायचं टाळत होतो. आपल्या जागी दुसऱ्याला उभं पाहणं, तेही बसून पाहणं, सोपं नसतं. तिसरं गाणं ते होतं, चापट्यांचं. बाईंनी बाह्या वर केल्या आणि हात मोकळा सोडला. बसचं स्टीअरिंग फिरवणारा हात तो, भाऊजींपेक्षा जोरकस. अर्धं गाणं झालं असेल नसेल, एके ठिकाणी आवाज आलाच नाही. आणि पुढच्या ठोक्याला दोन तारा एकदम वाजल्या.

सोफ्याचं प्लॅस्टिक कुरकुरलं.

"माफ करा," बाई म्हणाल्या. "पुन्हा घेऊ या."

पुन्हा घेतलं. जवळपास त्याच जागी पुन्हा घोळ झाला. बाईंनी हात वर केला, आम्ही थांबलो. त्यांनी गिटार जरा तिरकी करून खाली पाहिलं आणि मग सरळ भाऊजींना विचारलं, "दादा, या गिटारीची तार पळते का हो?"

भाऊजी उभे राहिले होते. "काय करते?"

"पळते. ही बघा ना, जाड तारेशेजारची. मगाशी इथे होती, आता शेजारणीला जाऊन चिकटायला आलीय."

आम्ही सगळे गोळा झालो. खरंच, चार तारांमधली अंतरं सारखी राहिली नव्हती. दोन तारा एकमेकींच्या जवळ आल्या होत्या आणि तिसरीकडे मोकळं मैदान पडलं होतं. फार नाही, दाण्याएवढा फरक. पण ज्या बोटाला डोळे नसतात त्याला दाण्याएवढा फरक म्हणजे शेजारचं घर.

बाईंनी अंगठ्यानं खालचा लोखंडी ठोकळा दाबला. तो सहज सरकला, इकडून तिकडे, खणातल्या सुट्ट्या किल्लीसारखा.

इथे थोडं सांगायला हवं. गिटारीच्या खालच्या टोकाला एक लोखंडी पत्रा बसवलेला असतो. तारा तिथे येऊन टेकतात. प्रत्येक तारेसाठी त्यावर एक छोटा ठोकळा, आणि त्या ठोकळ्याला स्क्रूचे दोन बारीक पाय. पाय फिरवून तार उंच किंवा खाली करायची. मागून एक लांब स्क्रू त्याला धरून असतो, पण तो पुढे-मागे जाऊ देत नाही इतकंच. कडेला सरकायचं म्हटलं तर ठोकळ्याला अडवणारं काही नाही. तारेचा दाब आणि दोन पाय, बस्स. त्या ठोकळ्याला सॅडल म्हणतात, म्हणजे खोगीर. आणि तारा जिच्यावर टेकतात तिला वाद्यवाले घोडीच म्हणतात, त्यामुळे नाव अगदी जुळून आलंय.

"याचा एक पाय हवेतच आहे," बाई डोळा बारीक करून म्हणाल्या. "टेकतच नाही. आणि चारही पार खाली बसलेत. कोणी खाली केले?"

"मी," भाऊजी म्हणाले. "थंडी सुरू झाली तेव्हा. बोटं दुखायची. म्हटलं, तारा जरा खाली घेतल्या तर दाबायला हलक्या होतील."

"झालं तर. तारेचा भार कमी झाला, पाय अधांतरी राहिला, आणि तुम्ही मारताय जोरात. सरकणार नाही तर काय करेल?"

"पण मी घरी वाजवून बघायचो," भाऊजी म्हणाले. "रोज. घरी एकदाही चुकलो नाही."

"घरी जोरात वाजवता?"

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. घरी त्यांनी कधी जोरात वाजवलेलं नाही. वरच्या मजल्यावर एक आजारी आजी राहतात.

"आणि कार्यक्रमानंतर?" मला एकदम सुचलं. "तुम्ही फडक्यानं तारा पुसता ना? दाबून?"

मी सरकलेल्या तारेवरून फडकं तसंच ओढून दाखवलं. ठोकळा निमूट परत आपल्या जागी जाऊन बसला. दर वेळी भाऊजींनी स्वतःच्या हातानं पुरावा पुसून टाकला होता.

मास्तर इतका वेळ चष्मा कपाळावर चढवून बघत होते. ते म्हणाले, "म्हणजे घोडी ठीक, स्वार ठीक, खोगीर तेवढं सरकत होतं. आणि आपण स्वारालाच उतरवायला निघालो होतो."

यावर सगळे हसले. भाऊजी हसले नाहीत. ते मागे जाऊन पुन्हा त्या सोफ्यावर बसले आणि त्यांनी उजवा हात मांडीवर ठेवून डाव्या हातानं झाकला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. बाईंना वाटलं, हसतायत. मला माहीत होतं. मी जाऊन शेजारी बसलो आणि ते प्लॅस्टिक इतक्या जोरात कुरकुरलं की त्यांना खरंच हसू आलं, रडता रडता.

"मी घरी फोन करू?" मी विचारलं.

"नको," ते म्हणाले. "मी सांगतो. तिला माहीतसुद्धा नाही."

मी म्हणालो, बरं.

त्या संध्याकाळी त्यांच्या घरात काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, आणि विचारायचाही मला हक्क नाही. एवढं खरं की दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तेव्हा दोघांचेही डोळे सुजलेले होते आणि दोघंही गाणं गुणगुणत होती, वेगवेगळी गाणी.

सुट्टी होती. बसवाल्या बाईही आल्या, येताना वाद्यांच्या दुकानातून नवे बारीक स्क्रू घेऊन. "गिटार काही मला मिळत नाही आता," त्या दारातच म्हणाल्या. "निदान चहा तरी मिळू दे." ताईनं त्यांना हाताला धरून आत नेलं, आणि त्यांच्यापुढे जे जे ठेवलं ते पाहून मला आमच्या घरी लहानपणी परीक्षेत पास झाल्यावरचे दिवस आठवले.

जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली. भाऊजींनी तारा सैल करून काढल्या आणि तो पत्रा सोडवून चादरीवर ठेवला. बाईंनी एकेक ठोकळा उलटा करून दाखवला. जुन्या स्क्रूंची टोकं झिजून गुळगुळीत झाली होती आणि पत्राही तिथे आरशासारखा चकचकीत झाला होता.

"नवे स्क्रू घालू, दोन्ही पाय नीट टेकवू," बाई म्हणाल्या. "तारा थोड्या वर घेऊ म्हणजे भार येईल. तेवढ्यानंही भागेल. पण तुमचा हात बघता मी म्हणेन, पत्र्यात पायांसाठी चर पाडून घ्या. उथळ. लांबीच्या दिशेनं, म्हणजे पुढे-मागे करता येईल, पण कडेला जायची बात नको. कोणाकडून तरी करून घ्या मात्र. सरळ नाही आला तर सगळा पत्रा वाया."

भाऊजींनी पत्रा उचलून उजेडात धरला. मग उठून आत गेले आणि दुकानातली हत्यारं ठेवायची पिशवी घेऊन आले. लोखंडी पट्टी, रेघ ओढायचा टोच्या, बोटाएवढी कानस. सगळं चादरीवर मांडलं. आणि मग नुसते बसून राहिले.

"तू करतोस?" त्यांनी मला विचारलं.

"मी ड्रमवाला आहे," मी म्हणालो. "माझ्या हातात हत्यार दिलंत तर टेबलाचे दोन भाग होतील."

ते बाईंकडे बघणार तेवढ्यात ताई स्वयंपाकघरातून आली, समोरची खुर्ची ओढून बसली आणि पत्र्याचं एक टोक तिनं दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरलं.

भाऊजींनी पट्टी लावली. टोच्या टेकवला. माझा श्वास नेहमीसारखा अडकला. हात एकदाही न थांबता वरून खाली आला. बारीक, केसासारखी, सरळ रेघ. त्यांनी फुंकर मारली, पाहिलं, पट्टी पुढे सरकवली. दुसरी रेघ. तिसरी. मग कानस घेऊन त्या रेघांचे चर करायला सुरुवात केली, आणि खरखर आवाज एका लयीत सुरू झाला. बाई बशीतलं खात होत्या, त्यांनी खाणं थांबवलं. शेवटच्या दोन चरांपर्यंत आले तेव्हा भाऊजींच्या कपाळावरची आठी कुठे गेली होती कोण जाणे.

"काय विचार चाललाय एवढा?" ताईनं विचारलं.

"अगं, जेवायला काय आहे?" ते म्हणाले.

ताई उठली आणि स्वयंपाकघरात गेली. नळ सोडल्याचा आवाज आला. बराच वेळ येत राहिला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं.

पुढचं काम बाईंनी आणि भाऊजींनी मिळून केलं. पत्रा पुन्हा बसवला, ठोकळ्यांचे पाय चरांमध्ये उतरवले आणि दोन्ही पाय सारखे टेकलेत का ते कागदाचा कपटा खालून सरकवून पाहिलं. कपटा कुठेच शिरला नाही. स्क्रू आपोआप सैल होऊ नयेत म्हणून त्यांच्या आट्यांवर थेंबभर नेलपॉलिश लावायचं होतं. ताईकडे फक्त भडक लाल होतं. "मागच्या बाजूला आहे, कोण बघतंय," भाऊजी म्हणाले. तारा वर घेतल्यामुळे त्या बोटांना जरा जास्तच उंच लागायला लागल्या, म्हणून गिटारीची मान जिथे धडाला जोडलेली असते तिथे लाकडाचा एक पातळ काप सरकवून मान किंचित कलती केली. मग तारा पुन्हा बोटांजवळ आल्या आणि भारही राहिला. प्रत्येक तारेचा सूर वर आणि खाली जुळतो का ते भाऊजींनी कान लावून पाहिलं, मागचा लांब स्क्रू पाव पाव फिरवत.

सगळं झाल्यावर बाईंनी अंगठ्यानं ठोकळा दाबला. हलला नाही. त्यांनी दोन्ही अंगठे लावले. नाही. "बसला," त्या म्हणाल्या, "माझ्या बसमधला शेवटच्या सीटवरचा माणूससुद्धा इतका घट्ट बसत नाही."

भाऊजींनी गिटार ॲम्प्लिफायरला जोडली आणि आयुष्यात पहिल्यांदा घरी पूर्ण आवाजात ते चापट्यांचं गाणं वाजवलं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. खिडकीची तावदानं, त्यांनीच कापलेली, थरथरत होती. गाणं संपलं तेव्हा दारावर थाप पडली. वरच्या मजल्यावरच्या आजींची सून होती. आम्ही सगळे गुन्हेगारासारखे उभे राहिलो.

"आजी विचारतायत," ती म्हणाली, "एवढ्या दिवसांत हे कधी वाजवलं नाही ते का?"

बसवाल्या बाईही बँडमध्ये राहिल्या. मास्तरांनी शोधून काढलं की त्यांचा गळा उत्तम आहे, आणि आमच्या गाणारीला दुसऱ्या आवाजाची जोड हवीच होती. भाऊजींनी पुढच्या कार्यक्रमात सगळी गाणी वाजवली आणि मी कान टवकारून बसलो होतो, पण पकडण्यासारखं काही सापडलं नाही. उलट मीच एकदा चुकलो. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, मजेत.

पण ताईनं एक गोष्ट सोडली नाही. डॉक्टर. "गिटारीचं झालं," ती म्हणाली, "आता तुमचं."

"अगं, पण आता कशाला? कळलंय ना काय होतं ते?"

"म्हणूनच. आता घाबरायचं कारण नाही, तर चला."

या बोलण्यात कुठेतरी खोट आहे हे भाऊजींना जाणवत होतं, पण ती सापडेपर्यंत ते दवाखान्यात पोचलेसुद्धा. मी नव्हतो, मला ताईनं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी त्यांना हात पुढे करून डोळे मिटायला लावले. बोटं एकमेकांवर आपटायला लावली. कागदावर गोगलगाईच्या शंखासारखी गोल गोल रेघ काढायला लावली, ती त्यांनी अशी काढली की डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे तुम्ही कंपासनं काढलंत की काय. चालवलं, वळवलं, खुर्चीतून उठवलं-बसवलं. वडिलांबद्दल सगळं विचारलं, आणि ते घाई न करता ऐकून घेतलं.

"मग कप का हलायचा माझा?" भाऊजींनी शेवटी विचारलं. ही एक गोष्ट त्यांच्या मनात अजून अडकून होती. गिटारीचं समजलं, पण कपाला काही खोगीर नव्हतं.

"तुम्ही कप कसा धरायचात?"

त्यांनी टेबलावरचा पेपरवेट धरून दाखवला. बोटांची पेरं पांढरी झाली.

"इतका आवळून धरलात तर माझाही हलेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हात हलतोय का हे जो बघत बसतो त्याचा हात हलतोच. तुम्हाला काहीही झालेलं नाही. वर्षातून एकदा येऊन दाखवून जा, वडिलांना होतं म्हणून. आणि डोळे तपासून घ्या, तुम्ही भिंतीवरचा तक्ता वाचायला मघापासून पुढे वाकताय."

दोघं बाहेर आली. दवाखान्याच्या पायऱ्यांवर भर दुपारचं ऊन होतं. भाऊजींनी दुकान पूर्ण दिवस भागीदारावर सोपवलं होतं आणि ताईनंही स्वयंपाक काही करून ठेवला नव्हता, कारण आत काय ऐकायला मिळेल याच्या पुढचं काही दोघांनी ठरवलेलंच नव्हतं. आता अख्खा दिवस समोर पसरला होता आणि त्यात करायला काही नव्हतं. थोडा वेळ ती तशीच उभी राहिली, चुकीच्या थांब्यावर उतरल्यासारखी.

"सिनेमाला जायचं?" भाऊजी म्हणाले.

"कुठला?"

"कुठलाही."

समोरच्याच चौकातल्या थिएटरात जो लागला होता त्याची तिकिटं काढून दोघं आत जाऊन बसली. दुपारची वेळ, हॉल अर्ध्याहून रिकामा. नावांच्या पाट्या संपल्या, गोष्ट सुरू झाली, आणि भाऊजींचं डोकं ताईच्या खांद्यावर कलंडलं. ती म्हणते, आधी तिला वाटलं कुजबुजून काही सांगतायत. मग घोरणं ऐकू आलं. कितीतरी महिन्यांची झोप होती ती, सावकाश, तोंड उघडं टाकून. पुढच्या रांगेतल्या माणसानं दोनदा वळून पाहिलं. ताईनं त्याच्याकडे असं पाहिलं की तिसऱ्यांदा त्यानं वळून पाहिलं नाही.

मध्यंतरात दिवे लागले तरी ते उठले नाहीत. तिनंही उठवलं नाही. खांदा अवघडला होता, पण ती तशीच बसून राहिली, सिनेमा संपून झाडूवाला आत येईपर्यंत.

"सिनेमा काय होता?" मी तिला विचारलं.

तिनं जरा आठवून पाहिलं. "एक पोलीस होता बहुतेक," ती म्हणाली.